जावयाचा शेअर पडत नाही

पत्त्यांचा खेळ बनवणं एक वेळ सोपं, पण त्यात शेअर बाजार बसवणं म्हणजे डोक्याला ताप. मालेगावात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पुठ्ठे कापत बसतो. नियम साधा होता. प्रत्येक खेळाडूची एक कंपनी. तिचा शेअर कुणी घेतला की भाव एक घर वर, कुणी विकला की एक घर खाली. खरी मजा मंदीत. एकानं विकायला काढलं की बाकीच्यांची पळापळ झाली पाहिजे. पण सगळ्यांचे पत्ते मी एकटाच खेळणार, तर घाबरणार कोण? आणि सोमवारी खेळ विकत घेणाऱ्या पुण्याच्या एका माणसाला तो दाखवायचा होता. मंदी आली नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

धोंड्याचा महिना लागला होता, सासुरवाडीचं बोलावणं आलं. मंगरूळपीरला गेलो, अनारसे हाणले आणि सतरंजीवर भावाच्या घरांचा पुठ्ठा आणि पत्ते मांडले. सासरे, सासूबाई, साळा, बायको आणि मी.

सासऱ्यांनी पहिल्याच पाळीला माझ्या दालमिलचा शेअर घेतला. साळ्यानं घेतला, बायकोनंही. सासूबाईंनी तर स्वतःची जिनिंग विकून माझी दालमिल घेतली. भाव चढत चढत पुठ्ठ्याच्या काठाला गेला.

"मामाजी, आता विका की!" मी सासऱ्यांना म्हटलं.

"तुमचा शेअर इकू, जावईबापू? अधिक महिन्यात?"

"अहो, पुठ्ठा आहे तो!"

"असो ना पुठ्ठा. बरं दिसते काय?"

वैतागून मी माझेच शेअर विकायला काढले. भाव जरा उतरला नाही तोच सासूबाईंनी ते उचलले. "काई काळजी करू नका," त्या म्हणाल्या, "आमी हावो ना." अरे देवा! मान घेऊन घेऊन रडकुंडीला आलेला जावई जगात मीच असेन.

तेवढ्यात बायकोनं पत्ते खाली टाकले. "माह्याजवळचे दालमिलचे समदे इकले."

"काहून वं?" सासूबाई ओरडल्या. "नवऱ्याची कंपनी हाये ते!"

"म्हनूनच. मले आतलं मालूम हाये."

साळा चपापला. आतलं मालूम म्हटल्यावर त्यानंही घाईघाईनं सगळे फुंकले. सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे विकून टाकले. शेवटी सासऱ्यांनी माझी नजर चुकवत आपले पत्ते पुढे सरकवले. "माफ करा, जावईबापू." भाव धाडकन तळाला. आली, मंदी आली! खरं सांगतो, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मी नाचायच्याच बेतात होतो, तर बायकोची पाळी आली. तिनं तळाच्या भावात सगळीच्या सगळी दालमिल शांतपणे उचलली. साळ्यानं कपाळावर हात मारला.

"आता दालमिल कोनाची?" सासऱ्यांनी विचारलं.

"माही," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अन् सोमवारी पुन्याले मी बी येते. तुमाले खेळ बनवता येते, इकता येत नाई."