काका गेले म्हणून मिळालेली रजा

"प्रीटर्म आहे," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं बाळ. वजन दीड किलोच्याही आत. बायकोला इक्लॅम्प्सिया झाला होता, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून झटके आले होते. ती आयसीयूत, पोरगी काचेच्या पेटीत आणि मी बाहेर बाकावर.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "आता कांगारू केअर हवी. बाळाला उघड्या छातीवर धरून तासन् तास बसायचं. ऊब मिळते, वजन वाढतं. आईला ते जमणार नाही. तुम्ही बसाल?"

माझी आई मागेच वारली, सासूबाईंना खोकला. उरलो मी, न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवणारा.

सुपरवायझरला फोन केला. "बाळंतपन बायकोचं, तुझं काय काम तिथं?" गाडी उभी राहिली तर दुसरा ड्रायव्हर बसवीन, म्हणाला. असा संताप आला की फोन फेकणारच होतो.

डबा घेऊन आलेल्या माझ्या काकांनी सगळं ऐकलं. "मी मेलो म्हनून सांग," ते म्हणाले. "सुतकाला कोन न्हाय बोलतो?"

सकाळी तसंच सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. सुपरवायझरचा आवाजच बदलला. "अरेरे! दहावं करूनच ये. पगार न्हाय कापनार."

दहा दिवस शर्टाची बटणं सोडून खुर्चीत बसलो. पोरगी छातीवर. पहिल्यांदा वीस ग्रॅम वजन वाढलं तेव्हा नर्ससमोरच रडलो. नवव्या दिवशी बायकोला चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि मी पोरगी तिच्या छातीवर ठेवली.

ज्या बापांवर ही वेळ येईल त्यांना सांगतो, घाबरू नका, बसा. पण बसायला रजा लागते. ती काचेची पेटी सरकारी होती, तुमच्याआमच्या करातून आलेली. तिच्यावरच्या खर्चाबद्दल कोणी कुरकुरत नाही. मग बापाच्या दहा दिवसांचा भार सगळ्यांनी मिळून उचलायला काय हरकत आहे? एकट्या मालकावर टाका, असं मी म्हणत नाही.

कामावर परतलो आणि खरं सांगून टाकलं. जिवंत माणसाचं सुतक मला पचत नव्हतं. सुपरवायझर भडकला. नोकरी राहिली, पण दहा दिवसांचा पगार गेला.

महिनाअखेरीला हे काकांना सांगितलं, तेव्हा घरी आलेली पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"म्हंजे मी जिता हाय, त्याचा दंड भरलास व्हय रं?" ते हसत म्हणाले.

मी वाकून त्यांच्या पाया पडलो.