पन्हाळ्याचा उतार

काल गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलचा वास आला आणि बाबांची जुनी स्पोर्ट्स कार आठवली. मी तेव्हा कॉलेजात होते. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळत होता, म्हणून बाबांनी घरीच नवा बसवला. मला पेडलवर बसवून ते गाडीखाली शिरले.

"दाब. मी म्हणेपर्यंत सोडू नकोस, हवा शिरती."

हळूहळू पेडल कडक झालं.

"पोरीच्या भरवशावर पन्हाळ्याला जाताय व्हय?" आईनं दारातून विचारलं.

"व्हय की! उतरताना गाडीपण तीच चालवणार हाय."

उतरताना पहिल्याच वळणावर मी घाबरून शेजारी पाहिलं, तर बाबा डोळे मिटून निवांत. झोपले म्हणून मला राग आला. ब्रेक मात्र लागला.

आज वाटतं, ते जागेच होते. त्या उतारावर डोळे मिटून बसायला केवढा धीर लागला असेल!