लिंबाच्या सावलीतला वाफा

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. सासरी माझी म्हणावी अशी जागा एकच होती, दोन भावांच्या सामाईक अंगणातला एक चिंचोळा वाफा. सकाळचं कोवळं ऊन तिथे भरपूर यायचं आणि दुपार झाली की शेजाऱ्यांच्या कडुलिंबाची सावली पडायची. जिरेनियमच्या फुलझाडाला नेमकं हेच लागतं. लातूरचं दुपारचं ऊन त्याला मानवत नाही आणि आमची काळी माती तर मुळीच नाही, मुळं सडतात. मी वाळू आणि विटांचा चुरा मिसळून त्या वाफ्याची माती निराळी करून घेतली होती.

तिथे चार तऱ्हेचे जिरेनियम होते. पानावर तपकिरी कडं असलेला, लाल तुऱ्यांचा, तो सगळ्यात चिवट. एक वेलासारखा लोंबणारा, त्याला तेलाच्या जुन्या डब्यात लावून वर टांगलं होतं. एक गुलाबवासाचा, माहेरून फांदी आणून लावलेला. त्याची फुलं बघण्यासारखी नसतात, पण पान चुरगाळलं की हाताला कितीतरी वेळ वास राहतो. आणि चौथा मोठ्या मखमली पाकळ्यांचा, हैदराबादहून रेल्वेत मांडीवर धरून आणलेला. त्याचे लाड मी पोटच्या पोरासारखे केले. थोरल्या जाऊबाई मात्र चौघांनाही पालाच म्हणायच्या.

भूकंपानंतर घराच्या छताखाली झोपायला कोणी धजेना. अंगणात पत्र्याची शेड टाकायचं ठरलं. ठरवलं थोरल्या दिरांनी, आणि जागा निवडली ती लिंबाच्या सावलीची. आमच्याकडे थोरल्या दिरांशी भावजयीनं बोलायची पद्धत नव्हती. ते आले की पदर पुढे घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्यांना माझ्याकडून चहा हवा असला तरी जाऊबाईंमार्फत निरोप यायचा. तेव्हा वाफ्याचा निरोपही तसाच आला.

"पाला हालव गं तेवढा. पत्रे यायलेत," जाऊबाई म्हणाल्या. "चार दिवसांचाच तर प्रश्न हाय."

मी नवऱ्याला म्हटलं, शेड जरा अलीकडे घ्यायला सांगा. तो म्हणाला, "गावंच्या गावं गेली, अन् तुला फुलांचं पडलंय." त्या दिवशी त्याचं खरं होतं. मी झाडं मुळांसकट काढून कुंड्यांत लावली आणि गच्चीवर नेली. पुढच्या वर्षी मात्र त्याचं खरं राहिलं नव्हतं, कारण शेड तिथेच होती. दीर गणिताचे मास्तर. त्यांनी शेडमध्ये दोनचार पोरं शिकवायला घेतली, आणि भूकंपाची धास्ती घेतलेल्या आईबापांना ती जागा फार पटली. वर पत्रे आहेत, पडले तरी जीव जाणार नाही, असं म्हणत ते लोह्याहून, जळकोटहून लेकरं आणून सोडायला लागले. बघता बघता दिरांचा क्लास गावभर 'पत्र्याचा क्लास' म्हणून गाजला. मी तयार केलेल्या मातीवर बाकडी रोवली गेली.

गच्चीवर पहिल्याच उन्हाळ्यात मखमली गेला. सकाळी मान टाकली आणि संध्याकाळी काळा पडला. मागोमाग लोंबता वाळला. मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडू येईना.

बोलता येत नव्हतं, पण फोडणी देता येत होती. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडायची. दिरांचा आवाज चढला, एखादं अवघड गणित रंगात आलं, की मी तवा तापवून त्यावर लाल मिरच्या टाकायची. मिरचीचा असा खाट उठायचा की अख्खा क्लास खोकायला लागायचा. दीर डोळे पुसत बाहेर यायचे आणि खिडकीकडे बघून परत जायचे. मला काही म्हणायचं तर जाऊबाईंना शोधावं लागायचं, आणि त्या नेमक्या बाजारात गेल्या की मी ठेचा करायला घ्यायची. असा ठेचा मी वर्षानुवर्षं केला. फार चविष्ट व्हायचा.

मग लातूरचे दिवस पालटले. भूकंप लोक विसरले, गल्लोगल्ली क्लास निघाले, मोठे हॉल, पंखे, पाट्या. पत्र्याखाली उकडायला लागलं तशी पोरं तिकडे वळली. दिरांनी ठरवलं, शेड पाडून सगळ्या अंगणभर पक्की इमारत बांधायची. अंगण दोघा भावांचं, म्हणून माझ्या नवऱ्याचा होकार हवा. नवऱ्याला इतकी वर्षं टोचून टोचून मी एवढं शिकवलं होतं की तो म्हणाला, "तिनं हो म्हणलं तर माझं हो." आणि मी नाही म्हटलं. जाऊबाईंनी समजावलं, रुसून पाहिलं, नातवंडांच्या शपथा घातल्या. मी म्हटलं, "अक्का, तिथं माझा वाफा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. उरलेले दोन जिरेनियम टाकीच्या आडोशाने तग धरून होते. जिन्यात पावलं वाजली आणि दीर एकटेच वर आले. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते. त्यांनी आधी लिंबाकडे पाहिलं. केस पार पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. मग खाकरून कुंड्यांकडे बोट केलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्याच्यात जाती किती असतात हो?"

या घरात हे मला कोणी, माझ्या नवऱ्यानेसुद्धा, कधी विचारलं नव्हतं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. सगळं सांगितलं असतं, कोणता उन्हात जळतो, कोणता पाण्यानं सडतो, मखमली कसा गेला तेही. ते वाट बघत होते.

मी पदर पुढे ओढला, रीतीप्रमाणे बाजूला झाले आणि त्यांना जिना मोकळा करून दिला.