कानाला दिलेली सुट्टी

काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर आमची कंपनी होती. मी बेंबळी गावचा, हवालदार. हिवाळ्याआधी हुकूम आला, प्रत्येक पेट्रोलमध्ये, म्हणजे गस्तीच्या तुकडीत, काश्मिरी समजणारा एक जवान हवा. आधीच्या पोस्टिंगमध्ये मी ती भाषा शिकलो होतो, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

एका कोर्समध्ये मला सांगितलं होतं, कुणी पाहून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हातानं करून. मी जवानांना प्रश्न विचारले आणि गट पाडले. डोळेवाले, कानवाले, हातवाले. लोहारा गावचा लान्स नायक सिद्राम डोळेवाल्यांत गेला. चित्रांची कार्डं त्याला आवडायची. शब्द एकदा पाहिला की पाठ. पण कुणी भरभर बोललं की तो नुसता तोंडाकडं बघत राहायचा.

"उस्ताद, मला ऐकून कळत न्हाय. कानवाल्यांत बसवा की."

"तुझा गट डोळ्यांचा आहे."

"म्हंजी जे येतंय तेच शिकवणार व्हय?"

"कानाला सुट्टी दिली तुझ्या. ऐश कर."

सगळे हसले. तोही हसला.

लेखी परीक्षेत सिद्राम पहिला आला. पेट्रोलच्या पुढं चालायला मी त्याचंच नाव दिलं.

त्या सकाळी पेट्रोल नाल्याच्या उतारावर होतं. मी पोस्टवर रेडिओ सेटजवळ. सेटवर सिद्रामचा आवाज आला.

"उस्ताद, पलीकडनं एक म्हातारा वरडतोय. लई भरभर बोलतोय. ओव्हर."

"काय म्हणतोय? ओव्हर."

"कळंना. जरा पुढं जाऊन ऐकतो."

तो बोलत होता तेव्हा त्याच्यामागून म्हाताऱ्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. वरचा बर्फ सुटतोय, मागे फिरा. सिद्रामनं बटण सोडेपर्यंत माझा आवाज त्याच्याकडे जाणार नव्हता. त्यानं बटण सोडलं. मी ओरडलो, "मागं फिर!" उत्तर आलं नाही.

मागचे जवान वाचले. त्यांनी दुपारपर्यंत बर्फ खोदून सिद्रामचा देह बाहेर काढला.

म्हाताऱ्याचा प्रत्येक शब्द सिद्रामला पाठ होता. कार्डावर दाखवला असता तर त्यानं लगेच अर्थ सांगितला असता. माणसाला काय आवडतं आणि तो कुठं कमी पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगरावर कुणी कार्ड दाखवत नाही. त्याचा कान कच्चा होता, म्हणून त्यालाच सगळ्यांत जास्त ऐकवायला हवं होतं. मी त्याच्यावर शिक्का मारला आणि मोकळा झालो. शिकवण्याच्या नावाखाली केलेला हा आळस होता. दुसरा शब्द मी वापरणार नाही.

त्याला घेऊन लोहाऱ्याला मीच आलो. त्याच्या आईनं विचारलं, "फोनवर म्हणायचा, तिथली बोली शिकलो. खरंच आली व्हती का वो त्याला?"

"व्हय मावशी. पहिला आला होता."

तिनं डोळे पुसले. शेजारणीकडं वळून म्हणाली, "ऐकलं का, पहिला आला व्हता."

अजूनही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते. लान्स नायक सिद्राम हुशार होता, हे खरंच आहे. पण मला येत नाही, मला शिकवा, असं तो तोंडानं म्हणाला होता. एवढंच तिला सांगायचं राहिलंय.