‘शे’ नावाची लाईन

"ताई, आपल्या सर्व्हरवर ही ‘शी’ कोण बसलीय हो? सात महिने झाले, उठायचं नावच घेत नाही!"

पुण्याहून मोनालीनं फोनवर असं विचारलं, तेव्हा जळगावात मेहरूणच्या आपल्या घरात बसलेली दिपमाला आधी बुचकळ्यात पडली आणि मग खो खो हसत सुटली. दोघी मिळून छोट्या कंपन्यांना प्रोग्राम लिहून द्यायच्या. खरं सांगायचं तर एआयकडून लिहून घ्यायच्या आणि त्याच्या चुका काढायच्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव पुणेकरणीनं इंग्रजीसारखंच वाचलं, तिचा तरी काय दोष!

"अगं बाई, ‘शी’ नाही, ‘शे’! आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे."

"बरं, असू दे तुमची शे. पण रविवारी सकाळी अकरा वाजता सर्व्हरवाली कंपनी तो बंद करून परत चालू करणार आहे. चालू असलेलं सगळं जाईल. त्याआधी बंद करून टाका."

दिपमालाचं हसू तिथंच थांबलं.

आता ही शे काय भानगड होती, ते सांगायला हवं. एआयला लांबलचक काम दिलं की ते तासन्‌तास चालतं, आणि आपल्याकडची वीज तर काय, आली तर आली. म्हणून दिपमाला काम ठेवायची दूरच्या सर्व्हरवर. लॅपटॉप ही नुसती खिडकी. इकडे वीज जावो, नेट जावो, तिकडे काम चालूच. पुन्हा जोडलं की जिथं सोडलं होतं तिथंच सगळं उभं, अर्धवट लिहिलेलं अक्षरसुद्धा. अशा प्रत्येक चालू कामाला एक नाव द्यावं लागतं. या कामाचं नाव ठेवलं होतं तिच्या वडिलांनी.

लोटन नाना म्हणजे चाळीसगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले जुने ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ. परकर-पोलक्यातली दिपमाला डबा घेऊन जायची आणि दारात उभी राहून ऐकायची. "भडगाव, शे का?" नाना विचारायचे. तिकडून "शे!" आलं की दोरी खोचायची आणि दोन माणसं जोडून द्यायची. काय रुबाब होता तेव्हा नानांचा! गावात लग्न असो की मयत, बातमी आधी त्यांच्या कानावरून जायची आणि तोंडातून मात्र चकार शब्द निघायचा नाही.

त्यांचा नियम एकच. लाईन आपण तोडायची नाही. धुरपदाबाई म्हणून एक म्हातारी सुरतेच्या मुलाला फोन लावायची. "बरा शे ना?" "बरा शे." एवढं झालं की दोघंही गप्प. साहेब खेकसायचा, "लोटन, दोरी काढ!" नाना म्हणायचे, "साहेब, ते बोली राहिनात." गप्प बसलेल्या मायलेकांना कोणी ‘बोलताहेत’ असं म्हणतं का? पण नाना म्हणायचे. म्हातारी स्वतः लेकाला "ठेवू का रे, भाऊ?" म्हणेपर्यंत दोरी जागची हलायची नाही.

पुढं एक्स्चेंज गेलं, दोऱ्या भंगारात गेल्या. नाना भडगावजवळच्या गावी राहायला गेले आणि वहीत अहिराणी शब्द उतरवत बसले. नातवंडं अहिराणीला हसतात, याचा त्यांना भारी राग. दिपमाला म्हणाली, "नाना, याचा कोश करू. एआय मांडणी करेल, शब्द तुम्ही घाला." तिनं जुना लॅपटॉप त्यांना दिला. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणारा. जोडायची आज्ञा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवली.

"कामाचं नाव काय ठेवू?"

"शे ठेव. फोनवर पहिलं काय इचारतस?"

एकाच कामाला दोघंही जोडलेले असले की दोघांना एकच पडदा दिसतो. नाना गावी एका बोटानं टाईप करायचे आणि एकेक अक्षर जळगावात दिपमालासमोर उमटायचं, काना-मात्रा जरा लंगडत. शब्द नोंदवून झाला की एआय विचारायचं, "पुढचा शब्द?" नाना म्हणायचे, "दम खाय रे, बाप्पा!"

एका सोमवारी अक्षरं उमटता उमटता थांबली. लगेच फोन आला.

"लाईट गयी! मन्हं वाक्य गयं बठ्ठं!"

"काही गेलं नाही, नाना. तिथंच शे. लाईट आली की परत जोडा."

"लाईन तुटनी ना, पन?"

"तुमच्याकडची तुटली. तिकडची नाही."

"अस्सं?" नानांना फार नवल वाटलं. ते आणखी काहीतरी विचारणार होते. पण कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि दिपमाला म्हणाली, "चला, ठेवते." आणि ठेवलाच. गावातली लाईट मंगळवारीही आली नाही, आणि बुधवारी सकाळी नानांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

तेव्हापासून ते वाक्य तसंच होतं. दिपमालानं एण्टर दाबलं नाही की पुसलं नाही. शेजारच्या चौकटीत पोटापाण्याचं काम करायची आणि दिवसातून एकदा तिकडं बघायची. वेडेपणाच की! पण ते वाक्य होतं तोवर नाना नुसते लाईट यायची वाट बघत बसलेत, असं तिला वाटायचं.

रविवारी पावणेअकराला तिनं शे जोडली.

‘अंडेर : मुलगी. मन्ही अंडेर जयगावमा शे. फोन ठेवाना पहिले ती’

पुढं नुसती लुकलुकणारी रेघ. उतरवून तर तिनं ते कधीच घेतलं होतं. प्रश्न शेवटाचा होता. फोन ठेवण्याआधी ती काय करते? ‘इचारस’ लिहिलं की कोशात दिपमाला गुणाची मुलगी. पण नानांनी खोटं वाक्य कशाला लिहिलं असतं? आयुष्यभर ती ‘चला, ठेवते’ म्हणत आली. "ठेवू का, नाना?" असं एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं लिहिलं, ‘इचारत नही.’ आणि एण्टर दाबलं.

एआयनं शब्द नोंदवला, कोशाच्या फाईलमध्ये जतन केला, आणि सात महिन्यांनी पुन्हा विचारलं, "पुढचा शब्द?"

दिपमालाला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडली ती.

अकराला पाच कमी असताना मोनालीचा फोन. "ताई, बंद केलं का?"

"नाही. लाईन आपण तोडायची नसते."

तिनं फोन बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडं बघून मोठ्यानं विचारलं, "नाना, ठेवू का?"

आणि थांबली. आज कुकरही लावला नव्हता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी पडदा एकदा हलला आणि खाली एक ओळ उमटली, पलीकडून जोडणी बंद झाल्याची.

"बरं, नाना," ती म्हणाली आणि मग तिनं लॅपटॉप मिटला.