सत्तावीस नंबरचा शर्ट

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याला दुकानात कुणाच्या तरी पंपाचा वॉशर बदलत होतो. "भावोजी, हे गेले," सुलूवहिनी एवढंच म्हणाल्या. मी वॉशर बसवला, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि मग शटर ओढलं... हातांना दुसरं काही सुचलंच नाही. दुकानापासून त्याचं घर रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि शिमग्यानंतर मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

आम्ही शाळेपासूनचे एका बाकावरचे. त्याचं गावात इस्त्रीचं दुकान होतं. मुंबईच्या एजंटाकडे त्याला नेलं ते मी. "परदेशात इस्त्रीच तर करायची, जा की!" असं वर म्हणालो. निघाली ती वाळवंटातल्या कुठल्याशा परक्या सैन्याच्या तळावरची लाँड्री. तिथे नऊ वर्षं काढली त्याने. "लढणारे थोडे रे, त्यांचं रांधणारे नि धुणारेच जास्त," असं हसत सांगायचा. लाँड्रीच्या मागे खड्डा होता. तळावरचा सगळा कचरा, प्लास्टिक, बॅटऱ्यासुद्धा त्यात दिवसभर जळायचं. तो परतला तो खोकला घेऊनच. धुरानेच झालं असं डॉक्टर ठामपणे कधी म्हणाले नाहीत, दत्तारामही नाही. मी मात्र त्याचा खोकला ऐकला की मनात हिशेब मांडत बसायचो, आणि शेवटी शेवटी त्याच्यावरच चिडायचो. मग जाणंच सोडलं. दुकानातून वेळ मिळत नाही, असं बायकोला सांगत राहिलो. लाज वाटते आता.

तिथल्या कामाचं तो फार बोलायचा नाही. एकदा मात्र बोलला होता. प्रत्येक शिपायाच्या कपड्यांच्या पिशवीला नंबर. धुवायचं, घडी घालायची, फळीवर ठेवायचं, आणि ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं. काही पिशव्या न्यायला कुणी यायचंच नाही...

"मग?" मी विचारलं.

"इचारायचं नाय. वरून कागद येईपर्यंत तो येणार हाय असंच धरायचं. मी आपली रोज धूळ झटकायचो."

बाराव्यानंतर एका दुपारी पुन्हा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि फळीकडे बोट दाखवलं. शिमग्याला पालखी त्याच्या घरी आली होती तेव्हा माझ्या शर्टावर सार सांडलं होतं. "काढ तो, मी धुतो," म्हणून त्याने तो हट्टाने ठेवून घेतला होता. आता तो तिथे होता, वीतभर घडी, वर पिनेने लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नव्हतं. सत्तावीस, माझा शाळेतला हजेरी नंबर.

"कितींदा म्हटलं, दुकानावर देऊन येते. आयकलं नाय. तो येईल, म्हणायचे."

मी शर्ट उचलला. घडीवर धुळीचा कण नव्हता. मी वहिनींकडे पाहिलं.

"हे गेल्यापासून मीच झटकते," त्या म्हणाल्या. "तुमी येणार म्हणून सांगून गेले ना."

पिन अजून माझ्याने काढवलेली नाही.