निळी पट्टी लोकांची

माझ्या बायकोच्या मोठ्या काकांइतका शिस्तीचा गिटारवादक माळव्यात आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. जगातली निम्मी भांडणं एकाच तारेतून दोघांना आवाज दिल्यामुळे होतात असं त्यांचं ठाम मत आहे, आणि उरलेली निम्मी ती तार नीट गुंडाळून न ठेवल्यामुळे. वडील महूच्या छावणीत फौजी, स्वतः टेलिफोन खात्यात जन्मभर लाइनी जोडलेल्या. तेव्हा कुणाचा आवाज कुणाकडे जावा याचा त्यांच्याइतका गंभीर विचार दुसरं कुणी करत नसावं. राऊच्या आमच्या कॉलनीत जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाकार्याला आम्ही घरचीच मंडळी गाणी बसवतो. बायको गाते, काकाजी गिटार वाजवतात, आणि मला गाता-वाजवता काहीच येत नसल्यामुळे आवाजाचा मिक्सर माझ्याकडे आहे.

काकाजींच्या पायाशी गिटारचा प्रोसेसर असतो. पाटाएवढी पेटी, गिटारचा आवाज तिच्यात शिरतो आणि सजूनधजून बाहेर पडतो. बाहेर पडायला मागे दोन वाटा आहेत. बाकीचे वाजवणारे एकच तार लावून मोकळे होतात, काकाजी दोन लावतात. एक माझ्या मिक्सरमधून मेन स्पीकरकडे, म्हणजे लोकांकडे. दुसरी थेट त्यांच्यासमोर जमिनीवर तोंड वर करून ठेवलेल्या छोट्या स्पीकरकडे, म्हणजे मॉनिटरकडे, म्हणजे स्वतःकडे. एकीचा आवाज वाढवला तरी दुसरीचा तसूभर हलत नाही. "आपलं आपल्याला, लोकांचं लोकांना," हे त्यांचं ब्रीद. लोकांकडे जाणारा आवाज गोड, घुमणारा; स्वतःकडचा मात्र अगदी कोरडा. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "जावईबापू, स्वतःच्या आवाजाला पावडर लावून ऐकला ना, की आदमी बिगडतो." लोकांच्या तारेला ते निळी पट्टी गुंडाळतात, स्वतःच्या तारेला पांढरी. माझ्या मिक्सरवरही त्यांच्या फेडरखाली, म्हणजे आवाज वरखाली करायच्या सरकत्या खुंटीखाली, निळी पट्टी आहे आणि तिच्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात "लोक" असं लिहिलेलं आहे. ही लोकांची तार आणायला मी त्यांच्यासोबत सियागंजच्या बाजारात गेलो होतो. तार उलगडून, वाकवून, कानाशी हलवून पाहण्यात त्यांनी दुपार घालवली, तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "काकाजी, तार ले रहे हो कि बहू देख रहे हो?" काकाजी शांतपणे म्हणाले, "बहू तो समझा देती है भिया, तार नहीं समझाती."

असा माणूस चुकतो तेव्हा फार मोठा चुकतो. एका लग्नात त्यांनी प्रोसेसरमधला नवा आवाज निवडला. त्यात प्रत्येक सुराचे पडसाद झोक्यासारखे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जात. डावी वाट लोकांची, उजवी काकाजींची. आणि नव्याच्या नादात हे पडसाद बंद करायचं राहून गेलं. परिणाम असा की एकाआड एक पडसाद लोकांना मिळाले आणि मधले सगळे काकाजींनी एकट्यानं ऐकले. मांडवात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, कारण पंगत बसली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी स्कूटरवरून नवरीच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "काल तुमच्या पाहुण्यांचा अर्धा आवाज माझ्याकडे राहिला. माफी असावी." ते बिचारे आत जाऊन आहेरातलं काही काकाजींकडे राहून गेलं की काय, ते तपासू लागले. मी हा किस्सा अनेकदा हसत सांगितला आहे. हल्ली सांगवत नाही.

कारण मधल्या काळात काकाजींच्या मॉनिटरचा आवाज मोठा होत गेला. आधी त्याची खुंटी निम्म्यावर असे, मग पाऊण, मग शेवटपर्यंत. "हा मॉनिटर आता थकला," असं म्हणून त्यांनी नवा आणला. तोही सहा महिन्यांत थकला. डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलं, पण मॉनिटरसमोर ते शिट्टी मारतं म्हणून ते कपाटात गेलं. स्वतःची गिटार त्यांना कशीबशी ऐकू येई, बाकीचं काहीच नाही. मग गाणं पुढे आणि गिटार मागे असं होऊ लागलं. बुद्धपौर्णिमेला बायको कडव्याच्या मध्येच अडखळली, तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली, आणि पुढच्या रांगेतले लोक हसले. काकाजीही हसले, लोक आनंदानं हसताहेत असं त्यांना वाटलं.

पुढच्या जयंतीच्या कार्यक्रमाआधी बायको माझ्याकडे आली. तिला लहानपणी पहिला सूर काकाजींनीच दिलेला. डोळे पुसत म्हणाली, "त्यांना मना करायची माझी हिम्मत नाही होत. तुम्ही त्यांना मेनमधून काढून टाका ना. त्यांचा मॉनिटर तर चालूच राहील. पता भी नहीं चलेगा." सोपं होतं. काकाजींनीच ते सोपं करून ठेवलं होतं. दोन वाटा वेगळ्या होत्या. एक बंद केली तर दुसरीला कळणार नव्हतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी "लोक" लिहिलेला फेडर हळूच खाली ओढला. बायको त्या दिवशी फार सुंदर गायली. काकाजी मान डोलावत शेवटपर्यंत वाजवत होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला मिक्सरवरून मान वर करवत नव्हती.

कार्यक्रम संपला. काकाजी आपल्या तारा स्वतःच गुंडाळतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. निळ्या पट्टीची तार गुंडाळता गुंडाळता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, तिसऱ्या गाण्यात मी एक अख्खं कडवं गिटारवरून हात उचलून बसलो होतो."

मी मिक्सरवर कापड टाकू लागलो.

"कुणाच्या चेहऱ्यावर काही फरक नाही पडला. आपल्या पोरीनं तर वळून पण नाही पाहिलं. बुद्धपौर्णिमेला माझ्यामुळे दर ओळीला वळत होती." तारेचं शेवटचं वेटोळं त्यांनी बसवलं, गाठ मारली. "गाणं चांगलं झालं ना?"

"झालं, काकाजी."

"मग सही केलं तुम्ही. लोकांचं लोकांना." तार पिशवीत ठेवत म्हणाले, "फक्त मला सांगायला हवं होतं. ती तार मी स्वतः काढली असती."

मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि मी नुसता उभा राहिलो. उरलेल्या सगळ्या गाण्यांतलं आपलं वाजवणं खोटं आहे हे कळूनही ते वाजवत राहिले होते, मध्येच उठले तर पोरीचं गाणं बिघडेल म्हणून.

आता ते कार्यक्रमात वाजवत नाहीत. पण मांडवात खुर्च्या लागत असतात तेव्हा येतात, तारा जोडतात, पट्ट्या तपासतात आणि गिटार घेऊन लोकांच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसतात. मॉनिटर बंद ठेवायला तेच सांगतात. "आयुष्यभर कोरडं ऐकलं. जरा लोकांसारखं ऐकू द्या," म्हणतात. मी फेडर पूर्ण वर करतो. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून ते दोन-चार सूर वाजवतात आणि मेन स्पीकरकडे बघत राहतात. सूर सगळ्या मांडवात घुमतो, खुर्च्या लावणारी माणसंसुद्धा थांबतात. पण त्यांना तो ऐकू आला की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मग ते माझ्याकडे वळून विचारतात, "पोचतंय का?"

मी मिक्सर सोडून त्यांच्याजवळ जातो, कानाशी वाकतो आणि मोठ्यानं सांगतो, "पोचतंय, काकाजी."